कालिपाचा स्वाध्याय

अक-दोबोच्या बाजारात मांस विकायचं तर ते आधी कालिपाच्या खोलीत न्यावं लागतं. फाटकाच्या डाव्या हाताला, वजनकाट्याच्या मागे, पांढऱ्या फरशांची ती खोली. एकोणीस वर्षं कालिपा तिथे मेंढ्यांची काळजं चिरून पाहत आली. काळीज, फुप्फुसं, हृदय, गळ्यातल्या गाठी, सगळं टेबलावर मांडायचं, सुरीने उघडायचं, बोटाने दाबायचं. शंका आली तर एक तुकडा चंबूत उकळायचा आणि झाकण उचलल्याबरोबर पहिली वाफ नाकात घ्यायची. विकणारे तिच्या नाकाला घाबरत. लग्नाकार्यात ती पंगतीला बसली की कुणीतरी म्हणेच, "कालिपा आली, काळीज झाका रे." ती हसत असे, पण दुसऱ्याच्या घरचं काळीज तिने कधी तोंडात घातलं नाही.

तिचे वडील वरच्या कुरणातले धनगर, सामूहिक शेतीच्या कळपांवरचे. पाच भावंडांत ती चौथी. शाळेत रसायनशास्त्रात तिच्यापुढे कुणी नव्हतं. पण ती शाळेतून बाहेर पडली त्या सुमाराला सामूहिक शेती मोडली, कळप वाटले गेले, आणि वाट्याला आलेल्या मेंढ्या एकेक करून पिठापायी विकल्या गेल्या. विद्यापीठाचं नाव घरात कुणी काढलं नाही, तिनेही नाही. नारीन शहरात एक वर्षाचं प्रयोगशाळेचं शिक्षण झालं, मग मुकाशशी लग्न झालं. मुकाश चाऱ्याचा ट्रक चालवायचा, अजूनही चालवतो. एक मुलगी झाली, ती मोठी होऊन मॉस्कोला कामाला गेली. आणि या सगळ्या वर्षांत कालिपा सकाळी आठला पांढऱ्या खोलीचं कुलूप काढत राहिली.

खोलीत शिक्का मात्र तिचा नव्हता. तपासलेल्या मांसावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा अधिकार पदवीवाल्या डॉक्टरचा. पहिले डॉक्टर म्हातारे होते, डोळ्यांना कमी दिसायचं. ते खिडकीपाशी बसून चहा पीत आणि विचारत, "कालिपा, काय म्हणतेस?" ती 'चांगलं' म्हणाली की शिक्का, 'नाही' म्हणाली की नाही. पंधरा-सोळा वर्षं हे असं सुरळीत चाललं. ते गेल्यावर त्यांच्या जागी उसोन आला. बत्तीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा कोट, दूरशिक्षणाने मिळवलेली पशुवैद्यकाची पदवी. तो टेबलाजवळ येतच नसे. रक्ताचा वास त्याला सहन होत नाही, असं तो स्वतःच सांगायचा, जणू काही खानदानी सवय असावी. दारातूनच हात लांब करून शिक्का उठवायचा.

एका रविवारी एका मेंढीच्या काळजात कालिपाला पर्णकृमी सापडले. पित्ताच्या नळ्या कापल्या की चपटे, पानासारखे बाहेर येतात. नळ्या जाड होऊन काळीज दगडासारखं झालं होतं. तिने ते बाजूला काढून उसोनला दाखवलं. मेंढीचा मालक उसोनच्याच गावचा निघाला. उसोनने काळजाकडे न बघता सगळ्यावर शिक्का मारला आणि मालकाच्या हातात दिलं.

"अरे, उघडून दाखवलं ना मी तुला," कालिपा म्हणाली.

"एजे, तुम्ही बघायचं काम करता, छान करता," उसोन म्हणाला. वयाने मोठ्या बाईला तिथे सगळेच एजे म्हणतात, पण त्याच्या तोंडून तो शब्द कालिपाला चिकट लागला. "शिक्का कुठे मारायचा हे पदवी ठरवते. तुमच्याकडे असती तर तुम्ही ठरवलं असतं."

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मुकाशला सांगितलं की ती विद्यापीठात नाव घालणार आहे. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती.

"पदवी काय मेंढ्यांना दाखवणार आहेस?" मुकाशने विचारलं.

"उसोनला दाखवणार आहे."

"मग ठीक," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तिचे कागद स्कॅन करायला तिला ट्रकमधून जिल्ह्याच्या गावी घेऊन गेला.

राजधानीत, बिश्केकमधल्या एका विद्यापीठात, पशुवैद्यकीय तपासणीच्या शाखेत, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून तिला प्रवेश मिळाला. मुलीने पाठवलेल्या फोनवर पोर्टल उघडलं की तिचं नाव निळ्या अक्षरांत दिसायचं आणि त्याखाली 'विद्यार्थिनी' असा शब्द. पहिले काही दिवस ती नुसतं तेवढं बघण्यासाठी पोर्टल उघडायची. अभ्यासाची पुस्तकं तिला मनापासून आवडली. जे तिने हजारदा हातांनी चाचपलं होतं त्याला नाव होतं, कारण होतं, आकृती होती. एखादं पान वाचताना ती एकटीच मोठ्याने म्हणायची, "असं होय." मुकाश शेजारच्या खोलीतून विचारायचा, कसं? मग ती त्याला मेंढीच्या लसिकाग्रंथींबद्दल सांगायची आणि तो झोपी जायचा.

पुस्तकं सोडून बाकीच्या गोष्टींना मात्र पहिल्या महिन्यातच वास येऊ लागला.

व्याख्यानं फोनवर व्हायची. परजीवी आणि संसर्गजन्य रोग शिकवणारे तुर्दुबेक आगाय अंधाऱ्या खोलीत बसून पोर्टलवर आधीच असलेली फाइल शब्दाला शब्द वाचून दाखवत. आगाय म्हणजे गुरुजी. साठीचे, जाड आवाजाचे. तेवीस विद्यार्थ्यांच्या नावांचे तेवीस काळे चौकोन. कुणाच्या तरी चौकोनातून मेंढ्या ओरडायच्या, कुणाच्या तरी चौकोनातून भांडणं. एकदा आगाय पान उलटायला विसरले आणि एकच परिच्छेद दोनदा वाचला. कालिपाने माइक चालू करून सांगितलं. आगाय म्हणाले, "उजळणी होते." नंतर गटाच्या चॅटवर तिला निरोप आला: एजे, मध्ये बोलू नका, तास लांबतो.

त्या चॅटवर अभ्यासाचं असं एकच वाक्य यायचं. तयार आहे का कुणाकडे? आणि कुणाकडे तरी असायचंच. मागच्या वर्षीचा, त्याच्या मागच्या वर्षीचा. एका फाइलवर तर आधीच्या मालकाचं नाव तसंच राहिलं होतं आणि त्या नावाने चौघांनी स्वाध्याय भरला होता. चौघेही पास झाले. कालिपाने ते पाहिलं तेव्हा तिला कोमट पाण्यात धुऊन पुन्हा बाजारात आणलेल्या मांसाची आठवण झाली. असं मांस वरून गुलाबी दिसतं. ते हातात घ्यावंसंही वाटत नाही.

गटाची प्रमुख होती गुलझिना. दुसऱ्या जिल्ह्यात तिचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. बोलणं साखरेत घोळलेलं. "कालिपा एजे, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत," असं ती ओळख झाल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली होती. पण मदत खरंच करायची. फॉर्म भरून द्यायची, तारखा कळवायची, पोर्टल अडकलं तर फोन करून समजावून सांगायची. कालिपाला तिचा आधार वाटायचा.

हिवाळ्यात पहिला मोठा स्वाध्याय आला. विषय होता जनावरांकडून माणसाला होणारे परजीवी रोग, आणि खाली लिहिलं होतं: स्वतःच्या निरीक्षणासह. ते तीन शब्द कालिपाने कितीतरी वेळा वाचले. चार दिवस तिने काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी ती अंगण ओलांडून धाकट्या जावेकडे गेली.

साल्तनत लोकर पिंजत बसली होती. तिची मुलगी बुरुल सहा वर्षांपूर्वी गेली, अकराव्या वर्षी. गाढवावरून पडली होती, फार उंचावरूनही नाही. उठून हसली, मग पोट धरून बसली, आणि नारीनच्या रस्त्यावर मुकाशच्या ट्रकमध्येच तिचा श्वास थांबला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या काळजात पाण्याची पिशवी होती, सफरचंदाएवढी, ती फुटली. कुत्र्यांकडून येते. कुत्र्यांना असल्या पिशव्या झालेलं मेंढीचं फुप्फुस खायला घातलं की त्यांच्या पोटात किडा वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात आणि मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडतात. हे सगळं कालिपाला माहीत होतं. बाजारात ती रोज असल्या पिशव्या बघत होती. आणि घरी मेंढी कापली की तीच फुप्फुसं अंगणातल्या कुत्र्यापुढे पडत होती, तिच्या डोळ्यांदेखत, कारण सासऱ्यांच्या काळापासून तसंच चाललं होतं आणि थोरल्यांना कोण सांगणार.

"बुरुलबद्दल लिहू का?" तिने साल्तनतला विचारलं. "विद्यापीठासाठी. नाही म्हणालीस तर नाही लिहिणार."

साल्तनतचे हात चालूच राहिले. "कोण वाचणार?"

"शिकलेली माणसं. डॉक्टर होणारी. त्यांनी वाचलं तर गावागावांत सांगतील."

"तिचं नाव घालशील?"

"तू म्हणशील तसं."

"घाल," साल्तनत म्हणाली. "नाव नसलं तर कुणाचीही होईल ती."

बाजार ओसरला की दुपारी दोन ते चार, पांढऱ्या खोलीत, कालिपा लिहीत बसायची. दोन आठवड्यांत चौदा पानं झाली. पहिल्या सहा पानांत रोगाचं शास्त्र, पुढच्या पाचांत एका हिवाळ्यात तिने तपासलेल्या मेंढ्या आणि किती जणींत पिशव्या निघाल्या ते. शेवटच्या तीन पानांत बुरुल. 'माझी जाऊ साल्तनत हिची मुलगी' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. तिने कुत्र्याचंही लिहिलं. 'मला माहीत होतं आणि मी बोलले नाही,' असं लिहून ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

वही हातची होती आणि पोर्टलला टाइप केलेली फाइल लागत होती. गुलझिना म्हणाली, "फोटो काढून पाठवा एजे, मी टाइप करून चढवते. तुमचे डोळे कशाला शिणवता?" कालिपाने चौदा फोटो पाठवले आणि तिला बाजारातून मधाची बरणीही पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. कालिपाला शून्य. शेजारी लाल अक्षरांत: चौऱ्याण्णव टक्के नक्कल.

तिला वाटलं पोर्टल बिघडलं. तिने गुलझिनाला फोन केला. गुलझिनाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की एजे, एप्रिलमध्ये संपर्क सत्राला भेटू तेव्हा बघू, काळजी करू नका, सगळं मिटतं. कालिपाने काळजी केली नाही. तिने हातची वही पिशवीत घातली आणि एप्रिलची वाट पाहिली.

सत्र दहा दिवसांचं होतं. ती पहाटेच्या वाटणीच्या टॅक्सीने निघून दुपारी बिश्केकला पोचली आणि वसतिगृहात पिशवी टाकून थेट विभागात गेली. तुर्दुबेक आगाय अजून आले नव्हते. त्यांच्या खोलीच्या दारात टेबलावर सगळ्यांनी आणून ठेवलेल्या स्वाध्यायांच्या छापील प्रती होत्या, पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात, एकावर एक. गुलझिनाने छापून ठेवलेली आपली प्रत शोधायला म्हणून कालिपाने वरची उचलली. ती इस्सिक-कुलकडच्या कुणा मुलीची होती. अकराव्या पानापलीकडे तिला दिसलं: माझी जाऊ साल्तनत हिची मुलगी बुरुल.

तिने दुसरी उचलली. त्यातही बुरुल गाढवावरून पडली होती. तिसऱ्यात, चौथ्यात. एकीने नाव बदलून आयपेरी केलं होतं, पण दोन ओळींनंतर विसरून पुन्हा बुरुलच लिहिलं होतं. सातवी प्रत तलासकडच्या एका दाढीवाल्या माणसाची होती, कालिपाने त्याला मगाशीच जिन्यात पाहिलं होतं. त्याच्याही प्रतीत लिहिलं होतं, माझी जाऊ साल्तनत. आणि प्रत्येक प्रतीत शेवटच्या पानावर, कधी ठळक अक्षरांत, कधी साध्या: मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. त्या दाढीवाल्याने 'बोलले'चं 'बोललो' करण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

बुरुलच्या, तिची धरून, बारा प्रती होत्या. अकरा जणांच्या घरात ती पोर मेली होती.

कालिपाने आयुष्यभर घाण पाहिली होती. उन्हात फुगलेली आतडी, अळ्या पडलेलं मांस, पू भरलेल्या गाठी. तिला कधी उलटी झाली नव्हती. त्या दिवशी ती कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि बराच वेळ वाकून उभी राहिली. काही आलं नाही. नुसतं तोंडात कडू पाणी सुटत राहिलं.

गुलझिना उपाहारगृहात सापडली. समोसे खात होती. कालिपाला पाहून उठून मिठी मारायला आली. कालिपा एक पाऊल मागे सरली.

"तू वाटलंस ते."

"बसा ना एजे. ओरडू नका, लोक बघताहेत."

"मी ओरडत नाही."

"माझं दुकान आहे, दोन पोरं आहेत, नवरा रशियात," गुलझिना म्हणाली. "इतरांचंही तसंच. कुणाला वेळ आहे? सगळ्यांना पदवी लागते, तुम्हालाही लागते. तुमचं छान होतं म्हणून घेतलं. वाईट असतं तर कुणी हात लावला असता का?"

"तू वाचलंस?"

"टाइप मीच केलं ना. शेवटी तर मला रडू आलं, देवाशपथ."

"आणि मग?"

गुलझिनाने बोटं पुसली. "मग ग्रुपवर टाकलं. बाकीच्यांनी एकाच रात्री एकदम चढवलं, तुमचं राहून गेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी चढवलं. म्हणून नक्कल शोधणाऱ्या मशीनने तुम्हाला एकट्यालाच पकडलं. ती चूक माझी, मी मानते."

तिला खरोखर एवढीच चूक दिसत होती. कालिपाने तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही आहे का ते नीट पाहिलं, जसं ती मांस उजेडाला धरून पाहते. काही नव्हतं. एक दमलेली, गोड बोलणारी बाई समोसा खात होती.

दुसऱ्या दिवशी तुर्दुबेक आगाय भेटले. कालिपाने हातची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि बारा प्रती शेजारी मांडल्या.

"आगाय, हे माझं आहे. बाकीचे अकरा यावरून उतरवलेत."

"दिसतंय," आगाय म्हणाले. वही त्यांनी उघडली नाही.

"तुम्ही हे वाचलंत?"

"पाहिलं. तेवीस जणांचं कोण वाचणार? मशीन टक्केवारी काढतं."

"मग ही सातवी बघा. हा दाढीवाला बाप्या आहे. त्याला जाऊ कुठून आली?"

आगायांनी ओळ वाचली आणि हसले. अगदी पोटातून हसले, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी वाचून दाखवलं, त्याही हसल्या. कालिपा उभीच होती. त्यांनी बुरुलचं वाक्य वाचलं होतं आणि ते हसत होते. दाढीवाल्यावर हसत होते हे तिला कळत होतं, पण कानावर जे पडत होतं ते पडत होतं.

हसू आवरून आगाय मऊ आवाजात म्हणाले, "बघा एजे, तुम्ही कष्टाळू आहात. भांडण वाढवू नका. यात थोडे बदल करा आणि पुन्हा चढवा. ही 'जावेची मुलगी' आहे ना, 'शेजारणीची' करा. नाव बदला. गाढवाचा घोडा करा. पंधरा-वीस टक्के तिथेच उतरतात."

"ती आमच्या घरातली पोर होती, आगाय."

"मग तर तुम्हाला सोपं आहे," ते म्हणाले. "हवं तसं बदला, कोण विचारणार?"

कालिपाने वही उचलली. त्यांनी चहा पुढे केला होता. स्वच्छ कप, स्वच्छ चहा, वर दुधाची साय. तिला त्याला ओठ लावणं शक्य नव्हतं.

विभागाच्या कार्यालयात तिने अर्ज दिला. मला तोंडी परीक्षा घेऊन तपासा, आणि बाकीच्या अकरांनाही. चार दिवसांनी उत्तर आलं: प्रकरण सामोपचाराने मिटवण्यात आले आहे, बाराही जणांना एकसष्ट गुण. पास व्हायला तेवढे पुरतात.

"मला हे एकसष्ट नकोत," ती कारकून बाईला म्हणाली.

बाईंनी पडद्यावर वर-खाली पाहिलं. "'नकोत' असा रकाना नाही एजे."

"मग शून्य ठेवा."

"शून्याला कारण लागतं. कारण तर आता राहिलं नाही."

ज्यांचे नव्वद-ब्याण्णव होते त्यांचे एकसष्ट झाले, त्यामुळे गट तिच्यावर चिडला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती शिरली की बोलणं थांबायचं. दाढीवाला माणूस एकदा जिन्यात म्हणाला, "एवढा काय जीव अडकला होता त्यात? आम्ही तुमची मेंढी चोरली का?" शेवटच्या दिवशी शिक्षकांना जेवण द्यायची रीत होती. गुलझिना येऊन म्हणाली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, "एजे, मेंढी तुम्ही निवडून द्या ना, तुमची नजर आहे. मानाचं डोकं तुर्दुबेक आगायना वाढायचंय." कालिपाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी उचलून ती टॅक्सीच्या अड्ड्यावर गेली आणि गाडी भरेपर्यंत तीन तास उन्हात बसून राहिली. त्या संध्याकाळी तिला चॅटमधून काढून टाकलं गेलं.

घरी मुकाशने सगळं ऐकून घेतलं. तो फार बोलणारा माणूस नाही. "सोड," एवढंच म्हणाला. "असल्या ठिकाणची पदवी घेऊन तूही उसोनच होशील." ते तिला लागलं, कारण तिच्याही मनात तेच येत होतं.

साल्तनत दुसऱ्या दिवशी आली. पाव आणि साय घेऊन आली, पाहुण्याकडे यावं तशी. डोक्याला धुतलेला रुमाल होता.

"वाचलं त्यांनी?"

कालिपाने चहा ओतला. खरं सांगायचं तिने टॅक्सीतच ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती.

"बारा जणांकडे आहे ते आता," ती म्हणाली.

"बारा?" साल्तनत म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "मला वाटलं होतं एकटा गुरू वाचेल आणि ठेवून देईल. बारा जण म्हणजे..." ती हिशेब करत होती, बारा गावं, बारा अंगणं, तिथली कुत्री. "बरं केलंस, एजे."

टॅक्सीत जुळवलेली वाक्यं कालिपाने तशीच ठेवली आणि साय तिच्यापुढे सरकवली. साल्तनत पाव मोडत होती, बुरुलच्या लहानपणाचं काहीबाही सांगत होती, आणि कालिपा तिचा कप पुन्हा भरत होती. इतके दिवस तिला त्या लोकांची किळस आली होती. आता ती किळस आत, स्वतःकडे वळली. पोरीला कागदावर कुणी नेलं? गुण मिळणार होते म्हणूनच ना? साल्तनतला 'शिकलेली माणसं' असं सांगताना तिला स्वतःलाही किती गोड वाटलं होतं. अकरा जणांनी उचललं ते तिने आधी टेबलावर मांडलं होतं.

तिने अभ्यास सोडला नाही. लोक तिला विचारत, मुकाशनेही विचारलं, आणि दर वेळी ती वेगळं कारण सांगायची. फी भरून झाली आहे. पुस्तकं चांगली आहेत. उसोनची बदली झाली तर जागा रिकामी होईल. ही सगळी कारणं खरी होती. जे ती सांगत नव्हती ते असं, की रोज सकाळी उसोन दारातून हात लांब करून शिक्का मारायचा, आणि रोज तिच्या तोंडात तेच कडू पाणी सुटायचं जे त्या मोरीपाशी सुटलं होतं. ते थांबवायला दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता. रस्ता घाणीतून जात होता तर घाणीतून जायचं. पण नाक बंद करून जाता येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती दोन बोटांनी टाइप करायला शिकली. फोटो कुणाला पाठवत नाही. दुसऱ्या वर्षीचा स्वाध्याय गाईंच्या क्षयावर होता, तोही स्वतःच्या निरीक्षणासह. अक-दोबोत असल्या दोन गाई तिने स्वतः पकडल्या होत्या. एकीची मालकीण ऊर बडवून रडली होती, दुसरीच्या मालकाने तिला चाकू दाखवला होता. कालिपाने त्यातलं काही लिहिलं नाही. पुस्तकातून रोगाची लक्षणं घेतली, तक्ते काढले, आकडे भरले. वीस पानांत कुठे माणूस नव्हता, कुठे गाव नव्हतं, 'मी' नव्हतं. उचलून नेण्यासारखं त्यात काहीच उरू नये अशी तिने काळजी घेतली, जसं घरी कापलेल्या मेंढीची फुप्फुसं ती आता खोल खड्ड्यात पुरते आणि वर दगड ठेवते.

तुर्दुबेक आगायांनी शहाऐंशी गुण दिले. खाली टाइप केलं होतं: खूप प्रगती. आता शास्त्रीय लिहिता.

तिने ते दोनदा वाचलं. मग चुलीवरून चहाची किटली उतरवली, मुकाशला हाक मारली आणि दोघं जेवायला बसली. अजून तीन वर्षं बाकी आहेत.